लोखंडाचे लाड

‘‘लोक फुलांचे फोटो काढतात, पाखरांचे काढतात, गेला बाजार नातेवाइकांचे तरी काढतात. तू हे गंजकं लोखंड काय टिपत बसतेस गं?’’

हा प्रश्न मला भिशीत विचारून झालाय, लग्नात विचारून झालाय, आणि एकदा तर भंगाराच्या गोदामात खुद्द भंगारवाल्यानं विचारून झालाय. त्यानं बिचाऱ्यानं वर चहाही पाजला. ‘‘ताई, पेपरात येणार का?’’ म्हणाला. घ्या दादा, आलं!

तर माझा छंद हा असा. जुनी इंजिनं, उसाचे चरक, कडबाकुट्टी, छापखान्यातली ट्रेडल मशिनं, शिलाई मशिनं आणि नशिबानं दिसलीच तर एखादी जुनी मोटार. आता तासगावसारख्या तालुक्याच्या गावात राहायचं, दोन मुलं, सासूबाई, नवऱ्याचं दुकान आणि सकाळचे तीन डबे सांभाळायचे, म्हटल्यावर छंदाला वेगळा वेळ कुठून येणार? माझा छंद घरकामाचं बोट धरूनच चालतो. दळण टाकायला गेले की गिरणीचा पट्टा टिपायचा. नणंदेच्या लग्नाच्या पत्रिका छापायला गेलो, तेव्हा मजकूर तपासायचा सोडून मी कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या ट्रेडलकडेच बघत होते. (पत्रिकेतली चूक शेवटी जाऊबाईंनी पकडली, म्हणून निभावलं.) रविवारी सगळे मिळून कुणाच्या वास्तुशांतीला निघालो की वाटेत कुठेतरी माझं, ‘‘अहो, जरा थांबवा ना,’’ येणारच. नवऱ्याला सवय झालीय. धाकटा मात्र मागच्या सीटवरून ओरडतो, ‘‘आई, परत गंज?’’

कॅमेरा भिशीच्या पैशातून घेतलेला, तोही कुणाचा तरी वापरलेला. पण खरं सांगू का, निम्मे फोटो मी मोबाइलवरच काढते. हात पिठात असताना कॅमेऱ्याची पिशवी कोण उघडत बसणार?

कुणा मैत्रिणीला हे करून बघावंसं वाटलं तर घरातल्या शिलाई मशिनपासून सुरुवात करावी. बऱ्याच घरांत सगळ्यात जुनं यंत्र तेच असतं. माझ्या माहेरी सिंगरचं पायमशिन आहे, आईला तिच्या सासूकडून मिळालेलं. या मशिनवर पितळी पट्टीजवळ एक नंबर असतो. नंबराच्या आधीची इंग्रजी अक्षरं आणि पुढचे आकडे जुळवून बघितले, की मशिन कोणत्या साली आणि कोणत्या कारखान्यात तयार झालं ते कळतं. कंपनीच्या त्या नोंदी आज सहज बघायला मिळतात. आईचं मशिन निघालं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला, मशिन मात्र अजून चालतंय! आईला हे सांगितलं तर म्हणाली, ‘‘असू दे. पण पट्टा सैल झालाय त्याचा, तेवढा बघ.’’

मशिनचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवायचा, नाहीतर काळ्या चकचकीत अंगावर पांढरा डाग पडतो. सकाळी खिडकीजवळ मशिन ओढून घ्यायचं आणि उजेड बाजूनं येऊ द्यायचा, म्हणजे सोनेरी नक्षी आणि नंबराची कोरीव अक्षरं उठून दिसतात. आणि हो, फोटोसाठी म्हणून स्पिरिट लावून घासू नका, नक्षी निघून जाते. मशिनच्याच तेलात भिजवलेला बोळा पुरतो.

त्या दिवशी मशिनचे पंधरा-वीस फोटो निघाले. सगळे छान, अगदी जाहिरातीत शोभतील असे. मग आईला पट्टा बघायचा होता म्हणून ती बसली, डावा हात कापडावर, उजवा चाकावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वडिलांची नोकरी गेली तेव्हा सलग सात वर्षं आमचं घर या पायडलवर चाललं होतं. शाळेचे गणवेश शिवायला यायचे. जूनमध्ये तर आई रात्री दोनपर्यंत बसायची आणि आम्ही त्या खडखडाटात झोपायचो. तो एकच फोटो मी मोठा करून घेतला. बाकीचे कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, बघावं लागेल.

तेव्हापासून मी एक ठरवून टाकलंय. जमेल तिथे यंत्र एकटं टिपायचं नाही, त्याच्यावर राबलेला माणूस शेजारी हवा. आणि यात गंमत अशी की, विचारत गेलं की तो ‘माणूस’ पुष्कळदा बाई निघते.

आमच्या भागात जुन्या लोखंडाला तोटा नाही, कारण किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा तोडायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडी फाळानं जमीन विषारी होईल अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. सुरुवातीची दोन वर्षं नांगर खपलेच नाहीत म्हणतात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे कारखाना उभा राहिला. स्टेशनचं नाव तेव्हा कुंडल रोड होतं.

हे सगळं शाळेत वाचलेलं असतं. पण याच कारखान्याच्या गावातून शं. वा. किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढलं आणि १९३० मध्ये खास बायकांसाठी ‘स्त्री’ मासिक सुरू केलं, हे किती जणींना ठाऊक असेल? नांगर आणि ‘स्त्री’ एकाच वाडीतले! आपण आज ही पुरवणी हातात घेऊन बसतो, त्याचं थोडं श्रेय त्या भट्टीच्या धुराला द्यायला हरकत नाही.

माझ्या चुलत सासऱ्यांच्या गोठ्यात एक जुनी हातानं फिरवायची कडबाकुट्टी आहे. मोठं चाक, त्याला दोन वाकडी पाती. चुलत सासूबाई एका हातानं पेंढी सरकवतात आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवतात. फोटो काढताना मी पदर कमरेला घट्ट खोचला होता आणि वेणी ब्लाऊजच्या आत. हे गमतीनं सांगत नाही. चालत्या चाकाजवळ ओढणी, पदर, मोकळे केस, बांगड्यांचा चुडा, काही नको. काकींच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धं आहे. ‘‘हिनंच घेतलं,’’ असं त्या कडबाकुट्टीकडे बोट दाखवून सांगतात, आणि दाखवतात तेही त्याच बोटानं.

आता गिरणीबद्दल सांगते. खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसले.

आमचं मूळ गाव तासगावपासून आतल्या अंगाला. तिथे माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, १९७१ मध्ये पिठाची गिरणी टाकली. वीज नव्हती, म्हणून गिरणी चालायची ऑइल इंजिनावर. इंजिन कूपरचं, साताऱ्याचं. हा कारखाना धनजीशा कूपरांचा. नांगर आणि डिझेल इंजिनं बनवणारा हा माणूस १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचा पहिला मुख्य मंत्रीही होता, तेव्हा त्या पदाला ‘प्रीमियर’ म्हणत. आमच्याकडे इंजिनाच्या धुराड्यावर टोपीसारखं पत्र्याचं झाकण होतं. त्याचा ‘पुक पुक पुक’ आवाज दोन शिवारं ओलांडून ऐकू जायचा. आवाज आला की बायका दळणाच्या पाट्या डोक्यावर घेऊन निघायच्या. आवाज म्हणजेच जाहिरात!

पुढे वीज आली, मोटर बसली, मग घरोघरी घरगुती चक्क्या आल्या. मामा गेले. गिरणी बंद झाली ती झालीच. खोलीला कुलूप लागलं आणि आत इंजिन, पट्टा, दगड, सगळं पिठाच्या थराखाली निजून राहिलं.

गेल्या वर्षी घरात विषय निघाला, की इंजिन विकून खोली भाड्यानं द्यायची. थोरलीची अकरावीची फी, वसतिगृह, क्लास. आकडे समोर होते, त्यामुळे मला फार बोलता येईना. तरी बोललेच. ‘‘ठेवू या की. पन्नास वर्षांचं आहे.’’ दीर म्हणाले, ‘‘वहिनी, ठेवायचं कुठं? तुमच्या हॉलमध्ये?’’ तीनशे किलोच्या वर वजनाचं धूड! त्यांचंही चुकीचं नव्हतं. नवरा गप्प. त्याचं लहानपण त्या खोलीत गेलेलं, पण फीची तारीखही त्यालाच पाठ होती.

शेवटी एवढंच पदरात पाडून घेतलं, की विकायच्या आधी एकदा इंजिन चालू करायचं आणि मला फोटो काढू द्यायचे.

सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्या दिवशी त्यांनाही गावी घेऊन गेलो. त्यांचं आपलं एकच पालुपद, ‘‘मी कशाला? तिथं माझं काय काम?’’ घरात गिरणीच्या उद्घाटनाचा एक जुना काळा-पांढरा फोटो आहे. इंजिनाला झेंडूचा हार, शेजारी फेट्यातले मामा, सरपंच, मास्तर, आणखी सात-आठ पुरुष. मी मागे कधीतरी विचारलं होतं, ‘‘आत्ती, यात तुम्ही कुठं?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी आत. सत्यनारायणाचा शिरा करत होते.’’ तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या, लग्न होऊन सहा महिने झाले होते.

मिस्त्रीनं सकाळपासून खपून इंजिन साफ केलं. डिझेल घातलं, टाकीत पाणी भरलं, आणि हँडल लावून फिरवायला लागला. तेवढ्यात दारात बसलेल्या आत्ती ताडकन उठल्या.

‘‘आरं, अंगठा! अंगठा काढ की आधी!’’

मिस्त्रीनं वळून बघितलं. आत्ती त्याच्याजवळ गेल्या आणि हँडल कसं धरायचं ते दाखवायला लागल्या. चार बोटं आणि अंगठा एकाच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही. इंजिन कधीकधी उलटा झटका देतं. अंगठा पलीकडून गुंडाळलेला असेल तर मनगट गेलंच म्हणून समजा. मग म्हणाल्या, ‘‘आणि ती दांडी उचलून धर आधी, हवा सुटू दे. चाकानं येग घेतला की मग सोड.’’

आम्ही सगळे बघतच राहिलो. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, पण आत्तींना इंजिन चालवता येतं हे मला माहीत नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, पण त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं! मामा शेतावर, बाजाराला, तालुक्याला गेले की गिरणी आत्तीच चालवायच्या. म्हणजे आठवड्यातले चार दिवस. पट्टा घसरायला लागला तर त्याला राळ कधी लावायची, दगडाला टाकी कधी मारायची, कुणाच्या ज्वारीनंतर कुणाचे गहू घालायचे, सगळं त्यांच्याकडे. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो यायचा. तो दळताना त्या पिठाचा वास कसा यायचा आणि बायका पीठ मळताना कशा रडायच्या, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. एक बाई म्हणे, दळणाचे पैसे नव्हते म्हणून चार दिवस रिकामी पाटी घेऊन नुसती येऊन बसायची. आत्तींनी तिचं दळण मामांच्या हिशेबाच्या वहीत न लिहिता दळून दिलं. कितीदा, ते त्या सांगत नाहीत.

इंजिनातून थंडाव्यासाठी फिरणारं पाणी गरम होऊन बाहेर यायचं. त्यात त्या धुणं धुवायच्या. सोडा कमी लागतो म्हणे! मामांच्या तोंडून इंजिनाच्या कितीतरी कौतुकाच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या, त्यात हे पाणी कधीच नव्हतं.

मिस्त्रीनं सांगितल्याप्रमाणे केलं. पहिल्यांदा नुसताच धूर आला. दुसऱ्यांदा एक ‘पुक’ आला आणि विरला. तिसऱ्यांदा मात्र धरलं. छताची धूळ खाली आली, गल्लीतली पोरं धावत आली, आणि समोरची म्हातारी घरातून ओरडली, ‘‘गिरण चालू केली व्हय गं?’’

फोटोचं थोडं सांगते. असं संथ इंजिन मिनिटाला साधारण साडेसहाशे फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ११. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडलं तर चाक थांबल्यासारखं दिसतं, इंजिन चालू आहे यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तिसावा भाग उघडलं तर तेवढ्यात चाक एक तृतीयांश फेरा घेतं, आरे पुसट होऊन धुक्यासारखे दिसतात. अडचण अशी की तेवढ्या वेळात माणूसही हलता कामा नये. मी आत्तींना म्हटलं, ‘‘जरा दम धरून उभ्या राहा.’’ त्या म्हणाल्या, ‘‘चालत्या इंजिनाजवळ मी कधी हललेय व्हय?’’ आणि खरंच, तो फोटो बघा. चाक धूसर, धूर धूसर, पट्टा धूसर, आणि मधोमध आत्ती कातीव दगडासारख्या स्पष्ट. पदर कमरेला खोचलेला. मी खोच म्हणून सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात टेम्पो आला. इंजिन अख्खं निघेना, म्हणून बिडाची चाकं घणानं फोडली. बिडाचा भाव वेगळा, पितळेचा वेगळा. मी त्या वेळी गावी नव्हते, आणि त्याचे फोटो मला नकोच होते. नवऱ्यानं येताना दोन वस्तू आणल्या. कंपनीच्या नावाची पितळी पट्टी माझ्यासाठी आणि हँडल आत्तींसाठी. त्या दिवशी रात्री तो फारसा जेवला नाही. फी मात्र वेळेवर भरली.

ते हँडल आता आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असतं. खंडेनवमीला आत्ती त्याला हळदकुंकू लावतात आणि झेंडूचं एक फूल वाहतात. शेजारी मिक्सर, शिलाई मशिन, स्कूटी आणि यंदापासून माझा कॅमेरा. छंदाच्या दृष्टीनं सांगायचं तर वर्षातला सर्वांत सोन्याचा दिवस खंडेनवमी. एरवी तेलकट, मळकट असलेली यंत्रं त्या दिवशी धुऊनपुसून, हार घालून बसतात, मालक खुशीत असतो आणि कुणीही ‘फोटो कशाला?’ विचारत नाही. उलट पेढा मिळतो! कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या दिवशी एक चक्कर मारून बघा. लेथ मशिनला हार, ड्रिलला हार, कुठे कुठे कोपऱ्यातल्या जुन्या चरकालाही हार.

आणि कोल्हापूरला गेलातच तर दुसऱ्या दिवशी दसरा करूनच परता. संध्याकाळी दसरा चौकात सीमोल्लंघनासाठी छत्रपती घराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक गाडीतून येतात. राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन गाडी. मेबॅकवाले मुळात झेपेलिन नावाच्या अवाढव्य हवाई जहाजांची इंजिनं बनवायचे, मोटारी त्यांनी नंतर काढल्या आणि त्याही मोजक्याच. जगातल्या बड्या संग्राहकांना जिचं अप्रूप, ती गाडी आपल्याकडे आपट्याची पानं लुटायला येते!

आम्ही सहकुटुंब गेलो होतो. गर्दी म्हणजे काय विचारू नका. धाकटा बाबांच्या खांद्यावर, थोरली मैत्रिणीशी फोनवर, आत्ती बॅरिकेडला धरून, आणि मी कुणाच्या तरी काखेतून कॅमेरा घुसवलेला. अख्खी गाडी मिळणं शक्यच नव्हतं. मिळाला एक दिवा. पण जुन्या गाड्यांचं हेच तर वैभव असतं. दिव्यांच्या, बंपरच्या त्या गोल चकाकीत सगळा चौक उतरलेला होता. फेटे, पोलीस, पोरं, आणि नीट बघितलं तर खाली एका कोपऱ्यात मीसुद्धा, पिवळ्या साडीत. चकाकीत स्वतःचं प्रतिबिंब येऊ नये म्हणून गडद कपडे घालावेत, असं जाणकार सांगतात. ठीक आहे. दसऱ्याला काळी साडी नेसून जायची माझी काही हिंमत नाही.

बाईनं साडीत कॅमेरा घेऊन गर्दीत शिरायचं म्हणजे लोक अजून वळून बघतात. अशा वेळी मला होमाई व्यारावालांची आठवण येते. १९१३ मध्ये नवसारीला जन्मलेल्या, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. दिल्लीत साडी नेसून, सायकलवर कॅमेऱ्याचं सामान लादून त्या फिरायच्या. पुढे मोटार घेतली, तिचा नंबर मिळाला डीएलडी १३. जन्मसालातही १३, नवऱ्याची पहिली भेट झाली तीही तेराव्या वर्षी. मग काय, बाईंनी टोपणनावच घेतलं ‘डालडा १३’! मोटारीच्या नंबरावरून नाव घेणारी दुसरी फोटोग्राफर मला तरी माहीत नाही. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

मोटारीवरून आठवलं. आमच्या मागच्या गल्लीत एक काकू राहतात. त्यांच्या वाड्यात ताडपत्रीखाली एक फियाट आहे, साठच्या दशकाच्या सुरुवातीची. आपल्याकडे जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे ती. गोलमटोल, आणि पुढची दारं उलटी उघडणारी. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा पुण्याला, दर दिवाळीला म्हणतो, ‘‘आई, काढून टाकू.’’ काकू दर दिवाळीला म्हणतात, ‘‘बघू.’’

फोटो काढायला गेले तेव्हा ताडपत्री काढताच काकू मागचं दार उघडून डाव्या बाजूला जाऊन बसल्या. सवयीनं. दोन्ही बाळंतपणांना त्या याच सीटवरून मिरजेला गेल्या होत्या. मी म्हटलं, ‘‘काकू, पुढे बसा ना, स्टिअरिंगवर.’’ त्या एकदम गडबडल्या. ‘‘ह्यांनी कधी बसू दिलं नाही गं. म्हणायचे, गिअर अडकतो, तुला नाही जमायचं.’’ मग बसल्या. पाच मिनिटं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या तुळशीकडे बघत राहिल्या. मी फोटो काढत होते, पण त्यांना ते कळत होतं असं वाटत नाही. उतरताना म्हणाल्या, ‘‘गिअर काही अडकत नाही. मस्त पडतोय.’’

मुलाला समजावण्यासाठी काकूंनी मला कायद्याचं विचारून यायला सांगितलं. तुमच्याही अंगणात अशी एखादी गाडी असेल म्हणून इथे लिहिते. जुन्या गाड्यांचे शौकीन साधारण १९१९ ते १९३० च्या गाडीला व्हिंटेज म्हणतात. आपल्या सरकारनं मात्र जुलै २०२१ मध्ये नियम केला, की पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, जी मूळ रूपात आहे आणि जिच्यात मोठे फेरफार केलेले नाहीत, ती व्हिंटेज. तिची वेगळी नोंदणी होते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार आणि नंतर फेरनोंदणीची पाच हजार अशी त्या नियमात दिली होती. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच.

काकूंची गाडी या नियमात बसते. तिच्या धाकट्या बहिणीचं, प्रीमियर पद्मिनीचं नशीब तितकं बरं नव्हतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदलेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. पन्नाशी गाठणाऱ्या पद्मिनी आता खासगी अंगणांतूनच सापडतील, तेही कुणी ‘बघू’ म्हणत राहिलं तर.

काकूंनी कागद शोधायला घेतलेत. आरसी बुक सापडलंय. मुलगा म्हणाला, ‘‘एवढा खर्च कशाला?’’ काकू म्हणाल्या, ‘‘माझ्या पेन्शनीतून.’’ पुढे काय होतं ते बघायचं.

मी काढलेल्या प्रत्येक फोटोच्या मागे आता पेन्सिलीनं लिहून ठेवते. यंत्र कुठलं, साल माहीत असेल तर साल, कोण चालवायचं, आणि त्या माणसानं सांगितलेली एखादी खुबी. अंगठा एका बाजूला. पट्ट्याला राळ. गिअर अडकत नाही. प्रिंट काढायला खर्च येतो, पण मोबाइल पाण्यात पडला की सगळंच जातं, हे आमच्या घरात दोनदा होऊन गेलंय. एक प्रत मी त्या घरी नेऊन देतेच. आत्तींचा फोटो उद्घाटनाच्या जुन्या फोटोशेजारी लावायचं चाललं होतं. आत्ती म्हणाल्या, ‘‘शेजारी नको, वरच्या बाजूला लाव.’’

आता पुढच्या रविवारी एका गुऱ्हाळावर जायचंय. जुना उभा चरक आहे म्हणतात, आणि त्यात ऊस घालणारी बाई मालकाची आई आहे, पंचाहत्तरीची. मालकानं पहाटेच यायला सांगितलंय, काहिलीची वाफ आणि कोवळं ऊन एकदम मिळेल म्हणाला. साडेपाचची एसटी आहे. आत्तीही येते म्हणतायत. रविवारी डब्यांची कटकट नसते ते एक बरं, पण चपात्या रात्रीच करून ठेवाव्या लागतील.